उपद्रवी जीव आणि ईमानवंताचा हात

मे महिना सरत आला की पुलगावात भर दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वर्धा नदीचे पात्र वाळूने पांढरे पडते आणि कवेलूच्या छपराखाली भट्टी पेटल्यासारखे वाटते. अशा दिवसांत सावली आणि ओलावा शोधणारा केवळ माणूस नसतो. कूलरच्या मागे पाल येऊन बसते, मोरीत झुरळे दाटतात, माठाखालच्या गार वाळूत विंचू मुक्काम करतो. पुढे मृगाचा पाऊस पडून बिळांत पाणी शिरले की उरलेसुरले जीवही उंबरठा ओलांडून आत येतात. आधी उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर साप. आमच्या भागातील कोणत्याही कुटुंबाला हे नवे नाही. तरीही या जिवांशी कसे वागावे, हा प्रश्न आपण दीनच्या संदर्भात फारसा विचारत नाही. चप्पल हाती घेतो किंवा दुकानातून विष आणतो आणि प्रश्न मिटला असे समजतो.

मीही तसेच समजत होतो. गेल्या पावसाळ्यात माझा तो समज मोडला.

घरात वर्षभराचा गहू आणि तूर भरून ठेवली होती. उंदरांनी पोती फोडली, नातवाच्या पाळण्याची दोरी कुरतडली. मी बाजारातून विषाच्या वड्या आणल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवून दिल्या. आठवडाभरात उंदीर दिसेनासे झाले. दहाव्या दिवशी शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि चाळीस वर्षांचा शेजार आहे. त्या म्हणाल्या, "गुर्जी, कालपासून माही मनी कोठं दिसून नाही राह्यली. तुमच्याकडे आली का जी?"

मनी आमच्याच सांदवाडीत, पऱ्हाटीच्या ढिगामागे सापडली. तिच्या नाकातोंडाशी रक्त सुकले होते. जवळच अर्धवट खाल्लेला उंदीर पडला होता. ढिगाच्या आत तिची चार पिल्ले होती, डोळे नुकतेच उघडलेली. त्या वड्यांतील विष रक्त गोठू देत नाही. उंदीर खाताक्षणी मरत नाही. काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन, सुस्त होत होत मरतो. असा सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो आणि त्याच्या अंगातील विष मांजराच्या अंगात उतरते. इतर प्राण्यांना जपा, अशी सूचना वेष्टनावर बारीक अक्षरांत होती. मी ती वाचली नव्हती.

आजींना वाटले, मोकाट कुत्र्यांनी मारले असावे. मी ते खोडून काढले नाही. "असेल," एवढेच म्हणालो. त्या रात्री इशाच्या नमाजला उभा राहिलो, पण मन नमाजात नव्हते. मनात एकच वाक्य घोळत होते: उंदीर मारण्याची परवानगी शरीअतनेच दिली आहे, मी काही गैर केलेले नाही. वाक्य खरे होते. मग तेच वाक्य मला आजींसमोर उच्चारता का येत नव्हते?

हा लेख त्या प्रश्नातून लिहिला गेला आहे. मी मुफ्ती नाही, निवृत्त शिक्षक आहे. फतवा देणे माझे काम नाही. परंतु जी शिकवण आपण मुलांना तोंडपाठ करवतो, ती घराच्या कोपऱ्यात, मोरीपाशी आणि धान्याच्या कोठीपाशी काय सांगते, याचा विचार प्रत्येक ईमानवंताने करावयास हवा.

त्यांचेही समुदाय आहेत

दिव्य कुरआनात काही सूरहना लहान जिवांची नावे आहेत. नहल म्हणजे मधमाशी, नम्ल म्हणजे मुंगी, अनकबूत म्हणजे कोळी. ज्या जिवांकडे माणूस क्वचित लक्ष देतो, त्यांची नावे अल्लाह तआलाने आपल्या ग्रंथात कायमची कोरून ठेवली. सूरह अल-अनआममध्ये (६:३८) जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सर्व जीव हे माणसांप्रमाणेच समुदाय असल्याचे सांगितले आहे. 'उम्मत' हा जो शब्द आपण स्वतःसाठी अभिमानाने वापरतो, त्याचेच अनेकवचन तेथे त्यांच्यासाठी आले आहे. सूरह हूदमध्ये (११:६) सांगितले आहे की, भूतलावर असा एकही जीव नाही ज्याचे अन्न अल्लाहने आपल्या जबाबदारीवर घेतलेले नाही.

सूरह अन-नम्लमधील प्रसंग (२७:१८-१९) सर्वांना ठाऊक आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचे लष्कर मुंग्यांच्या खोऱ्यापाशी येते, तेव्हा एक मुंगी इतरांना सावध करते की, आपापल्या घरात शिरा, सुलैमान आणि त्यांचे सैन्य नकळत तुम्हाला चिरडून टाकतील. या प्रसंगातील 'नकळत' हा भाव मला फार मोलाचा वाटतो. ती मुंगी प्रेषितावर क्रौर्याचा आरोप करीत नाही. तिला माहीत आहे की, बलवानाच्या हातून दुबळ्याचा जीव जाण्यासाठी दुष्टपणा लागत नाही, बेसावधपणा पुरतो. आणि हजरत सुलैमान (अ.) काय करतात? तिचे बोलणे ऐकून स्मित करतात आणि आपल्या प्रभूकडे कृतज्ञतेची व सत्कर्मांची सद्बुद्धी मागतात. सत्ता हाती असताना पायाखालच्या मुंगीचे ऐकू येणे हीच त्या प्रेषिताला मिळालेली देणगी होती.

माझ्या हातून जे घडले तेही नकळतच घडले होते. पण मला कळू शकत होते. वेष्टन वाचायला चष्मा पुरेसा होता.

शरीअत भाबडी नाही

याचा अर्थ, इस्लाम प्रत्येक जिवाला हात न लावण्याची शिकवण देतो, असा मात्र घेऊ नये. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत हदीस आहे की, पाच उपद्रवी जीव हरमच्या पवित्र हद्दीतसुद्धा मारता येतात. त्यांत उंदीर आणि विंचू आहेत. जेथे झाडाची फांदी तोडणेही निषिद्ध, तेथे ही मुभा आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांनुसार नमाज चालू असतानाही साप व विंचू मारण्याची अनुज्ञा आहे. म्हणजे माणसाचा जीव वाचविणे ही उपासनेतील अडचण नाही, उपासनेच्या चौकटीतच ते बसते.

हे मी पुस्तकातून शिकलो त्याआधी घरात शिकलो. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या सहा वर्षांच्या बहिणीला लाल विंचू चावला. आम्ही अंगणात सतरंजीवर झोपत असू. विंचू उतरवणाऱ्याला बोलावण्यात रात्र गेली. फजरच्या अजानपूर्वी ती गेली. अम्मीने पुढे आयुष्यभर निजण्यापूर्वी प्रत्येकाचे अंथरूण झटकले. काळा विंचू दिसायला मोठा. परंतु आकाराने लहान असलेला लाल विंचूच अधिक घातक असतो. त्याचे विष हृदयावर परिणाम करते. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर वापरून असंख्य रुग्णांना मृत्यूच्या दारातून परत आणले आणि ते ज्ञान जगापर्यंत पोहोचविले. माझ्या बहिणीच्या वेळी ते औषध कोणाला ठाऊक नव्हते. आज ते उपलब्ध असताना जो मांत्रिकाकडे वेळ दवडतो, तो तवक्कुल करीत नाही. अल्लाहने दिलेल्या उपायाकडे पाठ फिरवितो.

सापांविषयीही हेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांमुळे आपल्या देशात सर्वाधिक मृत्यू होतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतील, शेतात राबणारी आणि जमिनीवर निजणारी माणसे असतात. ज्या आईचे तान्हे बाळ जमिनीवर झोपलेले आहे, तिला मण्यारीवर दया करण्याचे प्रवचन कोणी देऊ नये. शरीअत तिला तसे सांगत नाही.

परवानगीच्या तीन सीमा

मात्र परवानगी म्हणजे मोकळे रान नव्हे. दीनमध्ये प्रत्येक परवानगीला कुंपण आहे, आणि या बाबतीत मला तीन सीमा स्पष्ट दिसतात.

पहिली सीमा गरजेची आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत पूर्वीच्या एका प्रेषिताची कथा आली आहे. त्यांना एक मुंगी चावली, तेव्हा त्यांनी मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळविले. त्यावर अल्लाहने त्यांना खडसावले की, एक मुंगी चावली म्हणून तू अल्लाहची स्तुती गाणारा एक संपूर्ण समुदाय नष्ट केलास! येथे जाब विचारला गेला तो चावणाऱ्या मुंगीबद्दल नव्हे, न चावलेल्यांबद्दल. उपद्रव जेवढा, उत्तर तेवढेच. अबू दाऊद यांच्या संग्रहात मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद या चार जिवांना मारण्याची मनाई आली आहे. मुंग्यांचा उपद्रव खरोखर असह्य झाला आणि दुसरा उपाय उरला नाही तर विद्वानांनी सवलत दिली आहे. परंतु स्वयंपाकघराच्या भिंतीवरून निघालेली रांग हा असह्य उपद्रव नव्हे. साखरेचा डबा उघडा राहिल्याची ती खूण आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्याविषयी सांगितले जाते की, ते मुंग्यांसाठी भाकरी चुरून टाकीत आणि म्हणत की, या आपल्या शेजारणी आहेत, यांचाही आपल्यावर हक्क आहे. ती उंची प्रत्येकाला गाठता येणार नाही. पण निदान उकळते पाणी ओतण्यापूर्वी हात क्षणभर थांबावा, इतके तरी साधावे.

दुसरी सीमा रीतीची आहे. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी कथन केलेली मुस्लिम संग्रहातील हदीस आपण कुर्बानीच्या दिवसांत ऐकतो. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान अनिवार्य केला आहे. जीव घ्यावाच लागला तर तोही उत्तम रीतीने घ्या, सुरी धारदार करा, प्राण्याला यातना होऊ देऊ नका, हा तिचा आशय. ही हदीस आपण बकऱ्यापुरतीच मर्यादित का ठेवली? 'प्रत्येक गोष्टीत' या शब्दांत उंदीरही येतो. चिकट पट्टीवर पाय अडकून रात्रभर चिरकणारा उंदीर आपल्या घरात असतो आणि आपण शेजारच्या खोलीत शांतपणे झोपतो. शेपटीला रॉकेलचा बोळा बांधून पेटवून दिलेला उंदीर मी माझ्या लहानपणी पाहिला आहे आणि लाजेने सांगतो, हसलोही आहे. आगीची शिक्षा देण्याचा अधिकार केवळ आगीच्या स्वामीचा आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुंग्यांचे जाळलेले वारूळ पाहून सांगितले होते. त्याच प्रवासात पिल्ले उचलून नेल्यामुळे व्याकूळ होऊन घिरट्या घालणारी एक पक्षीण त्यांना दिसली, तेव्हा तिची पिल्ले तिला परत देण्याची आज्ञा त्यांनी दिली (हदीस : अबू दाऊद).

येथे पालीचाही प्रश्न येतो. मुस्लिम संग्रहात 'वजग' मारण्याविषयीची हदीस आहे आणि आपल्या घरांतील वडीलधारी माणसे तिच्या आधारे सवाबच्या हेतूने पाल मारतात. त्या आज्ञेसंबंधी बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ती हदीस पूर्ण वाचावी, अशी विनंती आहे. पहिल्या घावात मारल्यास सर्वाधिक पुण्य, दुसऱ्या घावात त्याहून कमी, तिसऱ्यात आणखी कमी, असे तीत आले आहे. काही विद्वानांनी याचा संबंध इहसानशीच जोडला आहे: जितक्या कमी यातना, तितका अधिक मोबदला. आता आपल्या मोहल्ल्यातील दृश्य आठवा. कुंपणावरच्या सरड्याला मुले अर्धा तास दगड मारतात, आणि हटकले तर म्हणतात, "सवाब मिळतो." कुंपणावरचा सरडा घरात आलेला नसतो, त्याने कोणाचे काही बिघडविलेले नसते आणि विसाव्या दगडाला कोणत्याही हदीसमध्ये सवाब नाही. त्या अर्ध्या तासात सरडा मरतो हे एक नुकसान. मुलाच्या मनात दुसऱ्याच्या तडफडण्याची गंमत रुजते, हे त्याहून मोठे. ते मूल उद्या नवरा होणार आहे, बाप होणार आहे, कोणाचा तरी मालक होणार आहे.

तिसरी सीमा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मी तीच ओलांडली. ती म्हणजे तिऱ्हाइताची सीमा. कोणाला इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजाही करू नये, या आशयाची हदीस इब्ने माजा यांनी नोंदविली आहे आणि फिकहचे कितीतरी नियम तिच्यावर उभे आहेत. चपलेचा किंवा काठीचा आघात जेथे पडतो तेथेच थांबतो. विष तेथे थांबत नाही. ते उंदरातून मांजरात जाते, मांजरातून पिल्लांच्या दुधाशी जाते. धान्यावर टाकलेली पूड पोत्यातून ताटात येते. शेतात फवारलेले औषध वाऱ्याबरोबर फवारणाऱ्याच्याच फुप्फुसात उतरते. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो आजारी झाले. ज्या हाताने बोंडअळीसाठी विष कालविले, त्याच हाताच्या धन्याचा जीव गेला. आणि बहुधा तो हात मजुराचा होता, शेताच्या मालकाचा किंवा विष विकणाऱ्याचा नव्हे.

मांजर बांधून ठेवल्यामुळे शिक्षेस पात्र ठरलेल्या स्त्रीची हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. तीत एक तपशील आहे, ज्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. त्या स्त्रीने मांजराला स्वतः खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरील लहानसहान जीव खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. म्हणजे ते लहान जीव हा त्या मांजराचा रिझ्क होता. तिने तो रिझ्क अडविला. मी काय केले? मनीचा रिझ्क अडविला नाही. त्यात विष कालविले. उंदीर मारण्याची परवानगी मला होती. परंतु परवानगी माझ्या हाताला होती आणि विष माझ्या हाताच्या पलीकडे गेले. जेथे माझी नजर पोहोचत नाही तेथे जाणारे शस्त्र मी वापरतो, तेव्हा परवानगीचे वाक्य अपुरे पडते. आजींसमोर ते उच्चारता येईना, याचे कारण हे होते.

दार उघडे कोण ठेवतो?

मग करावे काय? उंदरांना धान्य खाऊ द्यावे? मुळीच नाही. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीचा क्रम पाहावा. मारण्याची परवानगी आहे, आणि तिच्यासोबत घर सांभाळण्याचे नियमही आहेत. रात्री भांडी झाका, मशकांची तोंडे बांधा, दिवे विझवा, कारण उंदीर वात ओढून घराला आग लावू शकतो, असे मार्गदर्शन बुखारी यांच्या संग्रहात आहे. निजण्यापूर्वी अंथरूण झटका, कारण आपल्या मागे त्यावर काय आले हे आपल्याला ठाऊक नसते, हेही तेथेच आहे. माझ्या अम्मीने बहीण गमावल्यावर जे सुरू केले, ती चौदाशे वर्षांपूर्वीची सुन्नत होती. आम्ही ती आधी पाळली असती तर, असा विचार आजही मनाला चाटून जातो. तकदीर अल्लाहच्या हाती आहे. अंथरूण झटकणे मात्र आमच्या हाती होते.

आमच्या भागापुरते बोलायचे तर हे नियम साधे आहेत. गहू-तूर पोत्यात न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावी. पऱ्हाटी आणि कुटार घराच्या भिंतीला लावून रचू नये; विंचवाला आणि सापाला त्याहून चांगला निवारा नाही. उरलेले अन्न गटारापाशी टाकू नये. उंदीर हटले की त्यांच्या मागावर येणारा सापही हटतो. जमिनीवर निजणे टाळावे. शक्य नसेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. मण्यार रात्री झोपलेल्या माणसालाच अनेकदा दंश करते आणि तो दंश जाणवतही नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ज्या घरात टाकी घासली जाते, त्या घरात धुराच्या वड्या कमी जळतात. स्वच्छता हा ईमानचा भाग आहे, हे आपण वुजूपुरते शिकलो. तो कूलरच्या टाकीलाही लागू आहे.

साप दिसला की काठीच उचलावी, असेही नाही. धामण विषारी नसते आणि शेतातील उंदीर खाते. सापांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि आता बऱ्याच गावांत सर्पमित्र बोलावता येतो. मुस्लिम संग्रहातील हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनानुसार मदीनेत घरात दिसणाऱ्या सापांना आधी तीन दिवस ताकीद देण्याची आज्ञा होती. तिचे कारण त्या हदीसमध्ये वेगळे आहे, तरी घाई करू नये हा बोध तीतून मिळतोच. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि त्याला दूर नेऊन सोडण्याची पेटी आजही जपून ठेवली आहे. गांधीजी १९३६ मध्ये त्या गावी राहावयास आले तेव्हा तेथे साप-विंचू मुबलक होते. तेच गांधीजी १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने पिसाळण्याच्या भीतीने साठ कुत्रे मारविले, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले होते. अहिंसेला व्रत मानणाऱ्यालाही गरज ओळखावी लागली. आपली वाट त्यांच्याहून वेगळी आहे. परंतु चिमटा पुरेसा असेल तेथे काठी का, हा प्रश्न त्यांच्याइतकाच आपलाही आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. ज्याचे घर कुडाचे आहे, छपराला फटी आहेत, दाराशी उघडे गटार वाहते, त्याने कोठी कोठून आणावी आणि कोणत्या भिंती लिंपाव्यात? त्याला दहा रुपयांचे विषच परवडते. अशा कुटुंबाची गरज मोठी आहे, म्हणून त्याची सवलतही मोठी आहे. त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणाला नाही. पण म्हणूनच हा प्रश्न एका घराचा राहत नाही. गटार वाहते करण्यासाठी नगर परिषदेकडे अर्ज घेऊन जाणे, मोहल्ल्यातील कचरा उचलला जाईल हे पाहणे, गरीब घराला मच्छरदाणी देणे, हीही दीनची कामे आहेत. जुमाच्या दिवशी मशिदीत जमणारी माणसे आठवड्यातील एक तास एकत्र झाडू घेऊन उभी राहिली, तर विषाच्या कितीतरी पुड्या विकल्या जाणार नाहीत.

आजींचे उत्तर

मनी मेली त्याच्या चौथ्या दिवशी मी मोहल्ल्यातील मौलानांकडे गेलो. मांजराची भरपाई द्यावी लागते का, किती द्यावी, असे मसले विचारू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आपण त्यांना सांगितले आहे का?" मी गप्प राहिलो. ते म्हणाले, "मसला नंतर पाहू. आधी सांगून या." मला बुखारी यांच्या संग्रहातील हदीस आठवली: ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही, तो ईमानवंत नाही. तीत शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. आणि 'उपद्रव' हा शब्द इतके दिवस मी फक्त उंदरांसाठी वापरत होतो.

मी गेलो आणि सगळे सांगितले, 'असेल' म्हणालो होतो तेही. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुर्जी, उंदरं तं माह्याही घरी होते. आधी सांगतलं असतं तं मी तिले चार दिवस घरात ठेवली असती." मी पैसे पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत. "मनीचे काय पैसे घेऊ जी," एवढेच म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलविली. पण ती माफी होती की नुसता निरोप, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

चार पिल्लांपैकी दोन वाचली. नातीने कापसाच्या बोळ्याने त्यांना शेळीचे दूध पाजले. एक आजींकडे राहते, दुसरी दोन्ही घरे आपलीच समजते. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी आपल्या वुजूचे भांडे मांजरासाठी कलते करून तिला पाणी पिऊ दिले होते आणि ही तर तुमच्याकडे येत-जात राहणाऱ्यांपैकी आहे, हे प्रेषित (स.) यांचे म्हणणे सांगितले होते. तो प्रसंग आता आमच्या अंगणात रोज आठवतो.

उंदरांचे म्हणाल, तर दोन महिन्यांत ते परत आले. ज्या एकटीने त्यांना इतकी वर्षे आटोक्यात ठेवले होते, तिलाच मी मारून बसलो होतो. आता धान्य पत्र्याच्या कोठीत आहे, पऱ्हाटी भिंतीपासून दूर आहे आणि पिंजरा लावण्याआधी मी भिंतीपलीकडे हाक मारून सांगतो. उंदीर सापडला तर त्याला एका घावात मारतो. ते मला आवडत नाही, आणि आवडू नये असेच वाटते.

हे अल्लाह, ज्या जिवांवर तू आम्हाला जोर दिला आहेस, त्यांच्याशी वागताना आमच्या हाताला गरजेपुरतेच बळ दे. आमची मुले विंचू-सापांपासून सुरक्षित ठेव, आणि आमच्या शेजाऱ्यांना आमच्यापासून सुरक्षित ठेव. जे आमच्या हातून नकळत घडले ते क्षमा कर, आणि जे कळू शकत होते ते कळून घेण्याची सद्बुद्धी दे. आमीन.